ऑक्टेन, इथेनॉल आणि आपली गाडी : बेळगाव सीमाभागातील वाहनधारकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

‘साधे भरू की प्रीमियम?’ आणि ‘यात इथेनॉल किती?’ हे दोन प्रश्न पंपावर बहुधा एकाच दमात विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही एकमेकांत मिसळून दिली जातात. प्रत्यक्षात हे दोन वेगळे गुणधर्म आहेत. ऑक्टेन हा आकडा पेट्रोल दाबाखाली स्वतःहून पेट न घेता किती तग धरते हे सांगतो, तर इथेनॉलचे प्रमाण त्या पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे, त्याला हवा किती लागते आणि पाण्याशी ते कसे वागते हे ठरवते. आपल्या इंजिनाला यांपैकी कशाची गरज आहे आणि कशाचा त्रास होऊ शकतो, हे इंजिनाची घडण आणि गाडीचे वय ठरवते. पंपावरचा भाव किंवा शेजाऱ्याचा अनुभव यांवरून ते कळत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. इथेनॉल ज्या उसापासून बनते तो आपल्याच शिवारात उभा असतो आणि उगार खुर्दच्या उगार शुगरपासून मुनवळ्ळीच्या रेणुका शुगर्सपर्यंत अनेक कारखान्यांच्या आसवन्या याच जिल्ह्यात आहेत. त्यामुळे उसाचे बिल वेळेवर मिळावे म्हणून इथेनॉलचे समर्थन करणारा आणि दुचाकीचे ॲव्हरेज घटले म्हणून त्याला दोष देणारा माणूस बरेचदा एकच असतो. दोन्ही भूमिकांना आधार आहे. मात्र कारखान्याचे अर्थकारण आणि इंजिनाचे शास्त्र एकमेकांच्या हिशेबात मिसळू नये, एवढे पथ्य या लेखात पाळले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. २००३ पासून देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू आहे. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची, म्हणजे ई२० ची, किरकोळ विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळूरमध्ये सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभरातील मिश्रण २० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ग्राहकाला मिळावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा नेहमीच्या पंपावर साधे पेट्रोल म्हणजे ई२० असे गृहीत धरूनच पुढचे नियोजन करावे.

पहिली पायरी : आपली गाडी कोणत्या गटातली आहे ते ठरवा

आरसी हातात घ्या आणि उत्पादनाचा महिना व वर्ष पाहा. नोंदणीची तारीख पाहून चालणार नाही, कारण २०२३ च्या मे महिन्यात केए २२ क्रमांक मिळालेली गाडी काही महिने आधीच कारखान्यातून बाहेर पडलेली असू शकते. त्यानंतर मालकाच्या पुस्तिकेतील इंधनाचे पान उघडा आणि टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेला मजकूर वाचा. तेथे ई५, ई१० किंवा ई२० असा उल्लेख असल्यास तोच अंतिम मानावा.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार २००८ पासून बनलेल्या गाड्यांतील रबर, प्लास्टिक व धातूचे भाग १० टक्के इथेनॉल सहन करू शकतात, पण त्यांच्या इंजिनांची जुळवणी ५ टक्क्यांसाठी केलेली होती. एप्रिल २०२३ पासून भागांचे साहित्य ई२० ला टिकेल असे वापरायचे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनांची जुळवणीही ई२० साठी करायची, असे टप्पे त्या आराखड्याने पुढे आखले. यावरून चार गट पडतात : २००८ पूर्वीच्या गाड्या, २००८ ते मार्च २०२३ मधील गाड्या, त्यानंतरच्या दोन वर्षांतील गाड्या आणि एप्रिल २०२५ नंतरच्या गाड्या. शेवटच्या दोन गटांतील वाचकांनी ऑक्टेन, मोजणी आणि पावसाळा यांविषयीचे भाग वाचले तरी पुरे. खरी काळजी पहिल्या दोन गटांना घ्यायची आहे.

याच वेळी आणखी एक नोंद करावी. गाडीला कार्बोरेटर (हवेत पेट्रोल ठरलेल्या छिद्रातून मिसळणारा भाग) आहे की इंजेक्शन (संगणकाच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा)? एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस६ निकष लागू झाल्यावर दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याआधीच्या बहुतेक प्रवासी दुचाकींत तो आहे. ई२० च्या परिणामांत वयाइतकाच फरक या एका गोष्टीने पडतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरी पायरी : ऑक्टेनची खरी गरज ओळखा

सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते आणि मग ठिणगी पडते. दाब व उष्णता प्रमाणाबाहेर गेल्यास ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा उरलेला भाग एकदम पेटतो, आणि पिस्टनवर बसणारा तो आघात आपल्याला टकटक आवाजाच्या रूपाने ऐकू येतो. यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितका जास्त, तितका हा धोका कमी. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद असते हा समज चुकीचा आहे. ज्या इंजिनात मुळात नॉकिंग होत नाही, त्याला वाढीव ऑक्टेनचा उपयोग करून घेण्याची सोयच नसते.

पुस्तिकेत कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, शोधा. रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० सीसी इंजिनाचा तो ९.५ आहे आणि बहुतेक प्रवासी दुचाकी व स्कूटर ९ ते १० च्या दरम्यान असतात. केटीएम ३९० सारख्या गाड्यांत तो १२ च्या वर जातो, तर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या मोटारींत आकडा कमी दिसला तरी टर्बोमुळे आतला प्रत्यक्ष दाब बराच वाढतो. या शेवटच्या दोन प्रकारांतच ऑक्टेनचा प्रश्न गांभीर्याने घ्यावा लागतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. पूर्वी आपल्याकडील साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ८८ होता, पुढे तो ९१ झाला. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने ई२० साठी किमान ९५ हा निकष ठेवता आला. म्हणजे कालपर्यंत ज्या ९५ ऑक्टेनसाठी लिटरमागे काही रुपये जास्त मोजावे लागत, तेवढा ऑक्टेन आज साध्या नळीतूनच मिळतो. ९५ क्रमांकाच्या प्रीमियम इंधनात उरतो तो मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचा फायदा, आणि त्यासाठी अधूनमधून एक टाकी भरायला हरकत नाही. पण ॲक्टिव्हा किंवा स्प्लेंडरमध्ये दर वेळी ते भरण्यात पैशांचे चीज होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० ऑक्टेनचे इंधन ही निराळी बाब आहे. इंडियन ऑइलने एक्सपी१०० हे डिसेंबर २०२० मध्ये आणले; त्याचा भाव लिटरला सुमारे १६० रुपयांच्या घरात असतो आणि ते मोजक्याच शहरांत मिळते. पुस्तिकेत ९५ पेक्षा जास्त ऑक्टेन मागितला असेल तरच त्याचा विचार करावा. ‘प्रीमियम म्हणजे इथेनॉल नाही’ असे समीकरण मात्र मांडू नये. नेमक्या त्या इंधनात इथेनॉल आहे का, हे पंपचालकाला विचारूनच ठरवावे.

आपल्या भागासाठी येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे आणि या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ८ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये हवा कमी शिरते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची कमाल ताकद थोडी घटते आणि त्याच कारणाने नॉकिंगची शक्यताही कमी होते. गोव्यात उतरल्यावर गाडीचा पिकअप सुधारतो हा अनेकांचा अनुभव खरा आहे, पण त्याचे श्रेय गोव्याच्या पेट्रोलला दिले जाते तेवढे चुकते. ते तेथील दाट हवेचे असते. उलट, टकटक ऐकू येण्याची शक्यता असेल तर ती चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या चढावर, उकाड्यात, भरल्या गाडीने वरच्या गिअरमध्ये रेटताना जास्त असते. तेथे एक गिअर खाली घेतल्यावर आवाज थांबला, तर इंधन बदलण्याची गरज नाही. खालच्या गिअरमध्येही तो चालूच राहिला, तर इंजिनात साठलेला कार्बन, चुकलेले टायमिंग किंवा चुकीचा प्लग यांची तपासणी आधी करून घ्यावी.

तिसरी पायरी : इथेनॉल इंजिनात काय करते ते समजून घ्या

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. यावरून गणित केले तर ई२० च्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ७ टक्के आणि ई१० पेक्षा साधारण साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. ॲव्हरेज नेमके याच प्रमाणात घटते असे नाही, कारण वाढलेल्या ऑक्टेनचा आणि थंड मिश्रणाचा फायदा उठवणारे इंजिन काही भरपाई करून घेते. नीती आयोगाच्या आराखड्यातील अंदाज असे आहेत : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या मोटारींत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या मोटारींत १ ते २ टक्के. लिटरला १६ किलोमीटर देणारी जुनी मोटार ६ टक्के घटीनंतर १५ देईल. हजार किलोमीटरला चार लिटर जास्त लागतील, म्हणजे आजच्या भावाने चारशे रुपयांच्या थोडे वर. घट खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘ॲव्हरेज पंधरा-वीस टक्क्यांनी पडले’ असे कोणी सांगत असेल, तर त्यातील मोठा वाटा दुसऱ्याच एखाद्या बिघाडाचा असतो आणि तो शोधायला हवा.

दुसरा परिणाम हवेच्या प्रमाणाचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ भाग पुरतात आणि ई२० ला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर उरलेल्या हवेचा अंदाज घेतो आणि संगणक त्यानुसार इंधन वाढवून मिश्रण जागेवर आणतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. त्याचे जेटचे छिद्र ठरलेले असते, त्यामुळे त्याला मिळणारे मिश्रण हवेच्या बाजूने झुकते. मेकॅनिक त्याला लीन झाले असे म्हणतात. सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, ॲक्सिलरेटर एकदम पिळल्यावर क्षणभर दम लागणे, मोकळ्या रस्त्यावर इंजिन जास्त तापणे ही त्याची लक्षणे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या सकाळी चांगल्याच गारठतात आणि इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून ही लक्षणे त्या दिवसांत ठळकपणे जाणवतात. चोक नीट लागतो की नाही, हे पाहणे हा त्यावरचा पहिला आणि फुकटचा उपाय आहे.

तिसरा परिणाम साहित्यावरचा आहे. इथेनॉल जुन्या टाकीतील चिकट थर विरघळवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. साध्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, मऊ होतात किंवा कालांतराने तडकतात, आणि पाणी मिसळलेले इथेनॉल जस्त व ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांवर पांढरी भुकटी धरते.

चौथी पायरी : ॲव्हरेज नीट मोजा

बहुतेक वाद येथेच मिटतात, म्हणून या पायरीवर थोडे जास्त थांबू. मोजणीसाठी टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत विश्वासार्ह आहे. एकच पंप, शक्यतो एकच नळी आणि गाडी उभी करण्याची एकच सपाट जागा ठरवा. नळी आपोआप बंद झाली की थांबा. नंतर गोल आकडा गाठण्यासाठी थेंब थेंब घालत बसल्यास हिशेब बिघडतो. त्या वेळचे किलोमीटर लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसेच भरून, भरलेल्या लिटरने धावलेल्या किलोमीटरना भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, किमान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. टायरमधील हवा दर वेळी थंड टायरवर तपासावी, कारण कमी हवेने होणारी घट इथेनॉलच्या घटीइतकीच असू शकते.

आता आपल्या भूगोलाचा प्रश्न. बेळगावहून कोल्हापूर, गोवा किंवा कोकणाच्या बाजूला निघालात तर कोठे ना कोठे घाट लागतो. कोल्हापूरच्या बाजूला वंटमुरी आणि तवंदी, गोव्याच्या बाजूला चोर्ला किंवा अनमोड, सावंतवाडीच्या बाजूला आंबोली. प्रवाशांसह १,४०० किलो भरणारी मोटार समुद्रसपाटीवरून ७५० मीटर वर आणण्यासाठी सुमारे १० मेगाज्यूल काम करावे लागते. इंजिन इंधनातील ऊर्जेपैकी पाव हिस्सा उपयोगात आणते असे धरले, तर एवढ्या चढासाठीच सव्वा ते दीड लिटर पेट्रोल जास्त जळते. पणजी ते बेळगाव या शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरच्या प्रवासाला एरवी सात लिटर लागत असतील, तर नुसत्या चढाने त्यात जवळपास २० टक्के भर पडली.

याचा एक मजेशीर परिणाम होतो. गोव्यात पेट्रोल कर्नाटकापेक्षा स्वस्त असल्याने आपले लोक परतताना तेथे टाकी भरून घेतात, आणि ते सगळे पेट्रोल घाट चढण्यात जाते. जाताना मात्र बेळगावात भरलेले पेट्रोल घाट उतरताना जळते. मग ‘गोव्याचे पेट्रोल स्वस्त पण ॲव्हरेजला कमी’ असा निष्कर्ष निघतो. भावातील फरक राज्यांच्या करांचा आहे (कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ टक्क्यांवरून २९.८४ टक्क्यांवर नेला, हे वाचकांच्या लक्षात असेल) आणि करामुळे इंधनाचा दर्जा बदलत नाही. म्हणून घाटाच्या प्रवासात मोजणी करायची असेल तर जाऊन-येऊन पूर्ण फेरीचीच करावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे शहरातील रोजच्या मार्गावर, उदाहरणार्थ टिळकवाडी ते उद्यमबाग अशा ठरलेल्या ये-जा करण्यावर, महिनाभराची नोंद ठेवावी.

मोजलेली घट ७ टक्क्यांच्या आत असेल तर ती इथेनॉलची समजून सोडून द्यावी. त्यापेक्षा जास्त असेल तर एअर फिल्टर, घासणारे ब्रेक, प्लग आणि इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर या क्रमाने तपासणी करून घ्यावी.

पाचवी पायरी : पंपावरची तपासणी

शंका आल्यास ग्राहकाला तपासणी मागण्याचा हक्क आहे. माप बरोबर आहे का ते पाहण्यासाठी पंपावर वैधमापन खात्याने शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते. त्यात पाच लिटर ओतून घेतल्यावर २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो. भेसळीच्या प्राथमिक तपासणीसाठी फिल्टर पेपर मागावा. नळीचे तोंड पुसून कागदावर एक थेंब टाकल्यावर तो साधारण दोन मिनिटांत उडून जायला हवा आणि मागे तेलकट काळपट डाग राहता कामा नये. घनता पाहण्यासाठी हायड्रोमीटर, तापमापक आणि काचेची बरणी असते. हायड्रोमीटरवर दिसलेला आकडा पंपावरच्या तक्त्याने १५ अंश सेल्सिअसच्या मूल्यात बदलावा लागतो आणि मगच तो टँकर उतरवतानाच्या नोंदीशी ताडून पाहावा. घनमीटरमागे ३ किलोपर्यंतचा फरक मान्य असतो. टँकर रिकामा होत असताना पेट्रोल भरू नये, कारण जमिनीखालील टाकीच्या तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

घनतेवरून इथेनॉलचे प्रमाण मात्र कळत नाही, कारण दोहोंच्या घनतेत फार अंतर नाही. त्यासाठी घरी करता येण्यासारखा प्रयोग आहे. शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून १०० मिलिलिटरचे, खुणा कोरलेले आणि बूच लागणारे काचेचे मापनपात्र आणावे. त्यात बरोबर १० मिलिलिटर पाणी घ्यावे. पाण्यात शाईचा एक थेंब टाकल्यास पुढे वाचन सोपे जाते. गाडीच्या इंधननळीतून किंवा कार्बोरेटरच्या निचरा स्क्रूतून काढलेले पेट्रोल १०० च्या खुणेपर्यंत भरावे. बूच लावून पात्र दहा-बारा वेळा हळुवार उलटसुलट करावे आणि मधूनमधून बूच सैल करून आतील वाफ बाहेर सोडावी. मग दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा रंगीत थर वाढतो. तो थर २७ वर आला तर वाढ १७ मिलिलिटरची झाली. ती ९० मिलिलिटर पेट्रोलमागे आहे, म्हणून १७ ला ९० ने भागून १०० ने गुणावे, उत्तर सुमारे १९ टक्के येते. थोडे इथेनॉल वरच्या थरात राहते आणि पाण्यात मिसळताना आकारमान किंचित आक्रसते, म्हणून खरे प्रमाण या उत्तरापेक्षा एक-दोन टक्के जास्त धरावे. थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ३३ च्या पुढे गेला तर प्रमाण २५ टक्क्यांच्या वर आहे आणि पावतीसह पंपाच्या तक्रारवहीत नोंद करण्याइतकी ती गंभीर बाब आहे. प्रयोग उघड्यावर, विडी-सिगारेट आणि विजेच्या बटणांपासून दूर, मुलांना लांब ठेवून करावा आणि वापरलेले मिश्रण टाकीत परत ओतू नये.

सहावी पायरी : पावसाळ्यातील काळजी

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा कोसळतो हे आपल्याला सांगायला नको. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर ते निमूटपणे तळाशी बसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते, आणि एका मर्यादेपर्यंत ही सोयीची गोष्ट आहे, कारण ते पाणी जळून निघून जाते. ई१० साठी ही मर्यादा साधारण अर्धा टक्का असते आणि ई२० साठी त्याहून अधिक. गारठ्यात ती कमी होते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी जातात. इंधनपंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला न पेटणारे मिश्रण मिळते. वर उरते ते इथेनॉल गमावलेले, म्हणून कमी ऑक्टेनचे पेट्रोल. तळातले पाणी काढले तरी ते उरलेले पेट्रोल टकटक करायला लावते. एकदा वेगळे झालेले इंधन ढवळून किंवा औषध टाकून पूर्ववत होत नाही. टाकी रिकामी करणे हाच उपाय.

दमट हवेतून ओलावा शोषून आठवड्यात पेट्रोल खराब होते, ही भीती अवास्तव आहे. रोज चालणाऱ्या गाडीत तसे होत नाही. पाणी शिरते ते झाकणाच्या झिजलेल्या रबरातून, चावीच्या छिद्रातून आणि दीर्घकाळ अर्धवट रिकाम्या राहिलेल्या टाकीच्या भिंतींवर धरणाऱ्या दवातून. म्हणून जूनपूर्वी झाकणाचे रबर बदलावे, टाकीवरील निचऱ्याची बारीक नळी मोकळी आहे का पाहावे आणि पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली ठेवावी. पेट्रोल भरल्यावर दोन-चार किलोमीटरमध्येच गाडी झटके देत बंद पडली, तर सेल्फ मारत राहू नये. पावती जपून ठेवावी, गाडी ढकलत किंवा टेम्पोने मेकॅनिककडे न्यावी आणि तळातील इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून दोन थर दिसतात का ते पाहावे. तक्रार करायची झाल्यास तोच नमुना पुरावा ठरतो.

सातवी पायरी : जुनी कार्बोरेटरची गाडी टिकवणे

खेडोपाडी दूध वाहणारी एम-८०, १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली पण आजही जिवापाड जपलेली आरएक्स १००, जुन्या बुलेट आणि पहिल्या पिढीतील मारुती यांच्या मालकांनी पुढील कामे एकदाच नीट करून घ्यावीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी बदलून इथेनॉलला टिकणारी नळी घालावी. विकत घेताना विटॉन किंवा फ्लोरो-रबर असा शब्द स्पष्टपणे विचारावा. कॉकचे वॉशर, फ्लोट चेंबरचे गॅस्केट आणि सुईचे टोक त्याच वेळी बदलावे. फिल्टर लगेच बदलावा आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर पुन्हा बदलावा, कारण सुटलेला गाळ तेवढ्या काळात येतो.

मग मिश्रणाचा प्रश्न. वीस-पंचवीस किलोमीटर एका वेगाने चालवून प्लग काढून पाहावा. बदामी-तपकिरी रंग ठीक, पांढुरका असेल तर लीन, काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका असल्यास जाणत्या मेकॅनिककडून मेन जेट एका क्रमांकाने मोठा करून घ्यावा. नुसता एअर स्क्रू फिरवून हे साधत नाही, तो मुख्यतः आयडलपुरता असतो. टू-स्ट्रोक गाडीत हे काम टाळूच नये, कारण तेथे पेट्रोलबरोबर ऑइलही सिलिंडरमध्ये जाते आणि लीन मिश्रणाने तापलेला पिस्टन घाटात जाम होण्याचा धोका असतो.

इथेनॉलचा परिणाम नाहीसा करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या बाजारात आल्या आहेत. गंज रोखणारी रसायने असलेली बाटली उभ्या गाडीसाठी थोडीफार उपयोगी पडू शकते, पण कोणतेही औषध पेट्रोलमधील इथेनॉल काढून टाकत नाही आणि घटलेली ऊर्जा परत आणत नाही. रॉकेल किंवा डिझेल मिसळण्याचा गावठी उपाय ऑक्टेन पाडतो आणि इंजिन बिघडवतो. दुरुस्तीच्या पावत्या आणि बदललेल्या भागांची नोंद मात्र जपून ठेवावी. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या बाबतीत ई२० विषयीचा प्रश्न कंपनीला लेखी विचारून उत्तर फाइलमध्ये लावावे.

शेतातील छोटी इंजिने

ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, त्यामुळे त्याला हा विषय लागू नाही. पण फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र आणि छोटे पॉवर वीडर यांची पेट्रोल इंजिने वर्षातून काही आठवडेच चालतात आणि उरलेला काळ कोपऱ्यात पडून असतात. इथेनॉलचा सर्वाधिक त्रास याच यंत्रांना होतो. हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी करावी, मग यंत्र सुरू करून कार्बोरेटरमधील उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून वापरायच्या यंत्रासाठी यंत्रावर लिहिलेल्या प्रमाणानेच आणि दोन-तीन आठवडे पुरेल एवढेच मिश्रण करावे, कॅन घट्ट बंद ठेवावा आणि वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी हलवून घ्यावा. गेल्या हंगामातले उरलेले मिश्रण यंत्रात ओतू नये. ते वाया जाऊ द्यायचे नसेल आणि काचेच्या बाटलीत धरल्यावर एकच स्वच्छ थर दिसत असेल, तर थोडे थोडे करून टू-स्ट्रोक दुचाकीच्या भरल्या टाकीत संपवता येते. दोन थर दिसले तर ते कोणत्याही इंजिनाच्या कामाचे राहिलेले नाही.